उताराला आडवं

३ मार्च

ही वही पुरावा म्हणून उघडली आहे. वर्षाच्या शेवटी कोणाचे दात कोणाच्या घशात गेले, ते तारीखवार दिसलं पाहिजे. सैन्यात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा कवायतीचा उस्ताद म्हणून. जे लेखी नाही ते झालंच नाही, हे तिथे पक्कं शिकलो.

तर आज जेवताना धाकटी म्हणाली, "बाबा, वरच्या शेताची नांगरट तुम्ही चुकीची करता."

माझा घास हातातच राहिला. बावीस वर्षं मी ते शेत नांगरतोय. डोक्यापासून तळापर्यंत, उतारावरून सरळ खाली, एक सरी तसूभर इकडची तिकडे नाही. समोरच्या रस्त्यावरून बघितलं तर पट्टीने आखल्यासारखं दिसतं. बसचा ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतो आणि लोकांना दाखवतो. गावात मला सगळे 'सावधान' म्हणतात, आणि त्यात थट्टा असली तरी मान पण आहे.

"रांगा सरळ नाहीत का?" मी विचारलं.

"सरळ आहेत, म्हणूनच म्हणते. पाणी सरळ खाली पळतं आणि माती घेऊन जातं. उताराला आडवं नांगरायला हवं."

बाईसाहेब शहरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहेत. बाटल्यांतली माती. एक जूनपर्यंत बिनपगारी रजा काढून आल्यात, शेती जमते का बघायला. कानामागून आली आणि तिखट झाली! मी म्हटलं, "तू जन्मायच्या आधीपासून मी नांगर धरतोय." तर ही, म्हणजे माझी बायको, आमटी वाढता वाढता म्हणाली, "तेव्हा तुम्ही सीमेवर होता. नांगर मामंजी धरायचे."

नवरा बोलत असताना मध्ये बोलायची हिची सवय जुनी आहे.

७ मार्च

खालचा शेजारी आला होता. आमच्या उताराच्या तळाशी त्याचं कुंपण, त्याच्या पलीकडे त्याचं शेत. मी त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणतो, पण माणूस गुणग्राहक आहे. टोपलीभर बटाटे घेऊन आला. म्हणाला, "सावधान, तुमच्यासारखी नांगरट करणारा माणूस मी बघितला नाही. पोरीचं ऐकून काही बदलू नका हं." तिचं बोलणं त्याच्यापर्यंत गेलं कसं कोण जाणे. बटाटे मात्र मुठीत मावत नाहीत असे.

त्याची जमीन मुळातच नशीबवान. काळी, भुसभुशीत, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. काही न करता पिकतं. कामात मात्र ढिला. त्याच्या कुंपणाचे लाकडी खांब बघून मला हसू येतं. मी निवृत्त होऊन आलो त्याच वर्षी त्याने ते रोवले, तेव्हा माझ्या छातीला लागायचे. आता कमरेला लागतात. खचलेत सगळे. आज मी त्याला तसं तोंडावर म्हटलं. "हो हो, खचलेत खरे," म्हणाला, आणि हिच्या तब्येतीची चौकशी करायला लागला.

१२ मार्च

दिवसभर वरच्या शेतातले दगड वेचले. दरवर्षी वेचतो आणि दरवर्षी जास्तच निघतात. या जमिनीला दगड पिकतात. सुरुवातीला दोन गाडे निघायचे, यंदा नऊ झाले. धाकटी बरोबर वेचत होती. मी म्हटलं, "बघ, खालून वर कसे येतात." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढचा दगड उचलला.

कामाला वाघीण आहे, एवढं लिहायला हरकत नाही.

१५ मार्च

करार झाला. वरचं शेत चार एकर. डावीकडचे दोन तिचे, उजवीकडचे दोन माझे. डावीकडचा उतार जास्त खडा आहे, पण तिने कुरकुर केली नाही. दोघांनी मका पेरायचा. एक जूनला उभं राहून बघायचं, कोणाचा मका कसा आहे.

"तू हरलीस तर मुकाट्याने नोकरीवर परत," मी म्हटलं.

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी हरत नाही."

"तरी पण?"

"पुढचं बोल," मी म्हटलं.

२० मार्च

घरात फितुरी आहे. सकाळी वर गेलो तर धाकटी एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाला, दोघींच्या हातात पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात ती. धाकटी ओरडते, "आई, थोडं वर!" आणि ही साडी खोचून, गुडघे दुखतात म्हणून जी चार वर्षं माळ्यावर चढली नाही ती, उतारावर शेळीसारखी चढते. जिथे दोन्हीकडचं पाणी सारखं तिथे खुंटी. अशा खुंट्यांची वेडीवाकडी माळ सगळ्या शेतभर.

मी हिला विचारलं, "हे काय?"

"नळी धरलीये."

"ते दिसतंय. कोणाच्या बाजूने?"

"पातळीच्या," ही म्हणाली.

थोरल्याचा फोन आला होता. तो लांबच्या शहरात मोठ्या कंपनीत आहे. म्हणाला, "बाबा, तिला समजवा. शेती तिचं काम नाही. आणि खरं म्हणजे आता तुमचंही नाही." पहिलं वाक्य मला पटलं होतं. दुसऱ्यानंतर मी फोन ठेवून दिला. तीन वर्षांत एकदा आला नाही आणि फोनवरून हुकूम सोडतो.

२० एप्रिल

पेरणी झाली. माझी सरी सुताने मोजून घ्या. तिची सरी म्हणजे पिऊन घरी आलेल्या माणसाची वाट. तिने चालत हाकायचा छोटा टिलर घेतला होता, कारण ट्रॅक्टर आडवा चालवायला मी दिला नाही. उलटेल, म्हटलं. हे काही खोटं नाही, खड्या उतारावर उलटतो.

बस थांबली, लोक खिडकीतून बघून हसले. मी त्यांना हात केला, माझ्या बाजूला उभं राहून.

डाव्या गुडघ्यात लोखंडाचे दोन तुकडे आहेत, लढाईतले. डॉक्टरांनी काढले नाहीत. क्लच दाबून दाबून शेवटच्या दोन फेऱ्यांना पाय थरथरत होता. धाकटी म्हणाली, "मी चालवू का थोडं?" मी म्हटलं, "उतरायच्या आधी मरेन." हे बरं वाटलं म्हणताना. नंतर ट्रॅक्टरवरून उतरलो तेव्हा चाकाला धरून बराच वेळ उभा होतो. ती टिलर पुसत होती, तिने बघितलं नसावं. ट्रॅक्टरजवळ पाण्याचा तांब्या कोणी ठेवला होता माहीत नाही.

२ मे

माझा मका आधी उगवला! चार दिवस आधी, आणि एकसारखा. तिच्याकडे मधूनमधून नुसती जमीन दिसते. दोनदा जाऊन बघून आलो. जेवताना काही बोललो नाही, फक्त शीळ घातली.

ही म्हणाली, "आनंद झालाय की दाढ दुखतेय?"

९ मे

हलका पाऊस. माझ्या बाजूच्या तळाशी चहाच्या रंगाचं पाणी कुंपणाखालून गोडबोल्याकडे जात होतं. तिच्या बाजूच्या तळाला काहीच नाही. यावरून तिच्याकडे पाऊसच कमी पडला हे उघड आहे. नोंद करून ठेवतो, म्हणजे उद्या पीक कमी आलं तर पावसाचं निमित्त तिला मिळायला नको. किंवा मिळायला हवं. न्याय तो न्याय.

१७ मे

आज जे झालं ते जसं झालं तसंच लिहिणार आहे. पुरावा म्हणून वही उघडली होती ना, मग आता पळून चालणार नाही.

दुपारी दोनला आभाळ फुटलं. पाऊस नव्हे, कोणी वरून हंडे उपडे करत होतं. अर्धा तास. मी गोठ्याच्या दारात उभा होतो, तिथून वरचं शेत समोर दिसतं. आधी माझ्या सऱ्या चकाकल्या. मग हलल्या. मला वाटलं डोळ्यांत पाणी गेलं. प्रत्येक सरीतून पाणी असं खाली धावत होतं की जणू मीच त्याला 'जलद चल' म्हटलंय. तपकिरी, जाड पाणी. त्यात माझा वीतभर वाढलेला मका मुळांसकट.

मी तसाच पावसात वर धावलो. धावलो कसला, लंगडत गेलो. सरीत आडवं फावडं घातलं, पाण्याने ते हातातून काढून नेलं. मातीचे ढिगारे हातांनी रचले, तेही नेले. एक सरी अडवावी तर अशा दोनशे. धाकटी आली आणि शेजारी उकिडवी बसून हातांनी माती ओढायला लागली. तिच्या स्वतःच्या शेताकडे तिने बघितलंही नाही. मी बघितलं. तिथे प्रत्येक वाकड्या सरीत पाणी अडून बसलं होतं, मुरत होतं. दोन ठिकाणी फुटलं होतं, बाकी मका जागच्या जागी.

आणि मला तो खंदक आठवला. मी वीस वर्षांचा होतो, आघाडीवर. आमच्या तुकडीने छान सरळ खंदक खणला होता, तपासणीला शोभेल असा. म्हातारा सुभेदार आला, बघितलं आणि अशा शिव्या दिल्या की कान जळले. "सरळ खणलात? एका टोकाला शत्रू उभा राहिला तर दुसऱ्या टोकापर्यंत सगळे एका फैरीत जाल. वाकडा खणा, गाढवांनो, वळणं घाला!" आम्ही रडतरडत रात्रभर खणून वाकडा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोकाशी गोळा पडला. मला गुडघ्यात दोन तुकडे मिळाले, पण वळणापलीकडची सतरा माणसं जिवंत राहिली. हे मला माहीत होतं. जवळजवळ पन्नास वर्षं माहीत होतं. भरतीच्या पोरांना शिकवलंसुद्धा! आणि घरी येऊन स्वतःच्या शेतात मी दोनशे सरळ खंदक खणले, वर तोंड करून.

पाऊस थांबल्यावर माझ्या दोन एकरांत खडक उघडा दिसत होता.

१८ मे

आज लिहायचं नाही.

२० मे

कुदळ घेऊन खाली गेलो आणि गोडबोल्याच्या कुंपणाचा एक खांब त्याच्या बाजूने खणला. खणत गेलो. हातभर खाली मूळची जमीन लागली, पिवळट, घट्ट. तिच्यात खांब जसा रोवला होता तसाच, ताठ उभा. खांब खचले नव्हते. वरची हातभर काळी माती माझी होती.

मुठीत घेतली. वासाने ओळखली. आमच्या वडिलांनी घामाने ती कमावली होती आणि मी ती बावीस वर्षं रांगेने, शिस्तीत, शेजाऱ्याच्या घरी पोचवली. वर त्याचे बटाटे खाऊन शाबासकी घेतली.

तो आला. मी म्हटलं, "माझी माती परत द्या."

"काय बोलता सावधान! माती आपणहून चालत आली. मी काय बोलावणं धाडलं होतं?"

"तुम्हाला माहीत होतं."

"तुम्हाला कोण सांगणार?" तो म्हणाला. "तुम्हाला आजवर कोणी काही सांगू शकलंय का?"

त्याला एक ठेवून द्यायला हात शिवशिवला होता. पण लबाड माणूस एकदाच खरं बोलला आणि नेमकं तेच.

२५ मे

धाकटी एका शब्दाने मला टोचत नाही. टोचली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. एकतीसच्या संध्याकाळच्या बसने ती निघणार. प्रयोगशाळेतून फोन आला होता, ती हो म्हणाली.

ही आज गोठ्यात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, तिने पैज जिंकली. मग जाते कशाला?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

"तिला विचारलं. म्हणाली, बाबा हरले तर काय, ते ठरलंच नव्हतं. राहा असं कोणी म्हटलं नाही." मग म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा."

मी लगेच गेलो. हे लिहून ठेवतो, की मी गेलो. ती अंगणात बुटांची माती खरवडत होती. मी शेजारी उभा राहिलो. राहा, एवढा दोन अक्षरी शब्द. मैदानात माझा आवाज पाचशे माणसांना पुरायचा. मी म्हटलं, "बस कितीची आहे?"

"सहाची," ती म्हणाली.

मूर्ख माणूस. मला स्वतःला म्हणतोय.

३० मे

मला बोलता येत नाही, तर नाही. लिहिता येतं.

सैन्यात ठाणं दुसऱ्याच्या हाती देताना चार्जचा कागद करतात. काय सोपवलं, काय कमी आहे आणि जे कमी आहे ते कोणामुळे. त्यावर दोघांच्या सह्या. खोटं लिहिणाऱ्याची गय नाही. सकाळी टेबलावर बसून स्वच्छ अक्षरात तसा कागद केला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. नक्कल इथे उतरवतो.

'वरचं शेत, चार एकर. ट्रॅक्टर एक, क्लच जड. नांगर एक, फाळ नवा. गोठा, दोन गायी, एक मारकी. माती: मिळाली तेव्हा गुडघाभर. सोपवताना डावीकडे वीतभर, उजवीकडे कुठे बोटभर, कुठे नाही. कमी कोणामुळे: माझ्यामुळे. यापुढे या ठिकाणी हुकूम घेणाऱ्याचा चालेल. देणारा हाताखाली काम करेल, ठेवून घेतल्यास.'

तिने दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तिला अक्षरं दिसत नव्हती, कारण डोळे भरले होते. "बाबा, हे 'माझ्यामुळे' खोडा."

"लेखी आहे. खोडायचं नाही."

"खोडा म्हणते ना!"

"घेणाऱ्याने सही केल्याशिवाय हुकूम चालत नाही," मी म्हटलं. "आधी सही."

तिने सही केली. मग उठून प्रयोगशाळेला फोन लावला. मी बाहेर गेलो, कारण मारकी गाय उगाच हंबरत होती आणि मलाही नाक शिंकरायचं होतं.

परत आलो तर ही दारात. "काय झालं?"

"मला कामावर ठेवलं," मी म्हटलं.

५ जून

माझे दोन एकर आडवे नांगरले. मका वाहून गेला, आता चवळी. जिथे उतार खडा तिथे टिलर तिने चालवला, बेताच्या उतारावर ट्रॅक्टर मी. ती पुढे खुंट्या दाखवत चालते आणि मी मागून. पहिल्या वळणाला माझा हात वळेना. चाक आपोआप सरळ जायला बघतं. बावीस वर्षांची खोड, दातओठ खाऊन वळवलं.

बस थांबली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "सावधान! आज सकाळीच घेतलीत काय?"

मी ट्रॅक्टरवर उभा राहिलो आणि मैदानातला आवाज काढला. "घेतली! आणि पुढच्या वर्षी याहून वाकडं नांगरणार आहे! तिकीट काढून बघायला या!"

बसमधले सगळे हसले. हसू देत. धाकटी खुंट्या टाकून पोट धरून खाली बसली होती.

थोरल्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "शेताबद्दल बोलायचं असेल तर तुझ्या बहिणीशी बोल. मी इथे हाताखाली आहे." त्याने आईला फोन द्यायला सांगितलं. त्याला माझी तब्येत बिघडली असं वाटलं असावं.

२३ जून

आज तसाच पाऊस आला. सकाळी दहाला, तसाच, हंडे उपडे. चवळी अजून दोन पानांवर आहे. धाकटी म्हणाली, "आता काही करता येत नाही बाबा. घरात थांबा, गुडघा भिजवू नका." हे हुकमासारखंच म्हणाली.

मी फडताळातला काचेचा पेला उचलला आणि मागच्या दाराने निघालो.

शेताच्या कडेने खाली खाली गेलो. दोनदा घसरलो. सऱ्यांमध्ये पाणी आडवं उभं होतं, काठोकाठ, थरथरत. वाटलं, एक फुटली की सगळ्या फुटतील. एक फुटलीच, वरच्या अंगाला. पाणी खालच्या सरीत उतरलं, तिने धरलं. मी तिथे उभा राहून तिला शाबासकी दिली, अगदी मोठ्याने. ऐकायला कोणी नव्हतं.

तळाला पोचलो तेव्हा कुंपणाखालून पाण्याची एक बारीक धार पलीकडे जात होती. पेला तिच्यात धरला. भरला. वर उचलून आभाळाकडे करून बघितला. पलीकडची माझी बोटं दिसत होती, नखांसकट.

गोडबोल्या त्याच्या बाजूला डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. तोही त्या धारेकडेच बघत होता.

मी तो पेला पिऊन टाकला, त्याच्या डोळ्यांदेखत. दाताखाली एक कण आला नाही.

"घ्या हो," मी ओरडलो, "पाणी हवं तेवढं घ्या!"